टाळ्या नको, हात वर करा

सार्थक : अगं, फेटेवाला केव्हाचा थांबलाय. जरा वेळ मान स्थिर ठेवायची, बाकी काही नाही.

तेजस्विनी : पर मला फेटा कशापायी? मी मढवरनं मीटिंगला आलेय, लग्नाला नाय.

सार्थक : अध्यक्षाला फेटा बांधतात. आमच्या राजुरीच्या कॉलेजची पद्धत आहे.

तेजस्विनी : अध्यक्ष कोण?

सार्थक : तू.

तेजस्विनी : मी? कवापासनं?

सार्थक : म्हणजे जाहीर आज होणार, पण ठरलं काल. संस्थेच्या तिन्ही कॉलेजांची मिळून पहिली विद्यार्थी परिषद, आणि तिची पहिली अध्यक्ष मढची तेजस्विनी. बिनविरोध! पेढेसुद्धा आणलेत.

तेजस्विनी : कुणी ठरवलं?

सार्थक : सगळ्यांनी मिळून.

तेजस्विनी : सगळ्यांत मढचं कोण व्हतं?

सार्थक : तुला फोन केला होता, लागला नाही. तुमच्याकडच्या रेंजचं तुला माहितीच आहे.

तेजस्विनी : राव, आज सकाळी ‘गाडी पाठवू का’ म्हणून तुझाच फोन आला, तवा बरी व्हती की रेंज.

सार्थक : तू प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतेस बघ.

तेजस्विनी : काढणारच. तुमच्या कॉलेजात पोरं किती, आमच्यात किती? निवडणूक झाली तर राजुरीचाच माणूस येणार, हे शेंबडं पोरगं बी सांगंल. आन् तुमी हातातली खुर्ची उचलून मला देताय. का?

सार्थक : कारण दरवेळी राजुरीच पुढे असते अशी ओरड आहे. दादाभाऊ काका म्हणाले, या वेळी मढला मान देऊ.

तेजस्विनी : दादाभाऊ म्हंजे तुझे चुलते. संस्थेच्या बॉडीवर हायेत ते. परिषद विद्यार्थ्यांची आन् अध्यक्ष बॉडीवाल्यांनी ठरवायचा?

सार्थक : ठरवला नाही, सुचवला. आणि अध्यक्षाला काय मिळतंय ते तर बघ. बॉडीवर सीट, तीसुद्धा मतासकट! आजवर त्या खोलीत एका विद्यार्थ्याला बसू दिलं नव्हतं.

तेजस्विनी : म्हणूनच भ्या वाटतंय. गेल्या आठवड्यात हिकडनं दोन माणसं आमच्या कॉलेजात आली व्हती, टेप घेऊन. केमिस्ट्रीच्या लॅबमधली टेबलं मोजली, कपाटं मोजली. आन् मंग दार मोजलं.

सार्थक : दार?

तेजस्विनी : कपाट दारातनं भाईर निघतंय का बघायला. दुसरं कशाला मोजतात दार?

सार्थक : रंगकाम काढलं असेल.

तेजस्विनी : रंगाला कपाटाची उंची लागत नाय, भाऊ. मढचं सायन्स उचलून राजुरीला आणायचं घाटतंय. सगळ्या मढात हेच बोलत्यात.

सार्थक : समजा आणलं. तुझं शेवटचं वर्ष आहे, तुला काय त्रास?

तेजस्विनी : माझं वर्ष ते मढातच काढू देतील. पर माझी धाकटी, समृद्धी, आत्ताच बारावी झाली. मार्क माझ्यापेक्षा चांगले पडले तिला. आबांनी स्पष्ट सांगितलंय, मढात हाय तर शीक, राजुरीला धाडणार नाय. ओतूरला गाडी बदला, आळेफाट्याला बदला, आन् संध्याकाळची एसटी गेली तर पोरीनं फाट्यावर उभं राहायचं का? आबांचं बी चूक नाय. मंग काय, बसंल घरी टोमॅटो निवडत.

कल्याणी : अभिनंदन, अध्यक्षबाई!

तेजस्विनी : तू कोण?

कल्याणी : कल्याणी. आंबेगावच्या कॉलेजची. तुझ्यासाठी जिला नाव मागे घ्यायला लावलं, ती.

तेजस्विनी : माझ्यासाठी?

कल्याणी : वा! जसं काही माहीतच नाही. काल या सार्थकचा फोन. म्हणे मढची पोरगी रडारड करतेय, तिला अध्यक्ष व्हायचंच आहे, तू मोठ्या मनाने माघार घे.

तेजस्विनी : सार्थक भाऊ, मी कवा रडले?

सार्थक : मी ‘रडारड’ नाही म्हणालो. ‘इमोशनल झालीय’ एवढंच म्हणालो.

तेजस्विनी : मी तर तुला फोनच केला नाय!

कल्याणी : आणि बदल्यात काय कबूल केलंस, ते पण सांगून टाक. मढची दोन मतं कुठल्या ठरावाला?

तेजस्विनी : बाई, मला आत्ता हितं कळलं, फेटेवाल्यासमोर.

कल्याणी : हे मी का खरं मानू?

तेजस्विनी : नको मानूस. मी तरी तुला खरी कशावरनं मानू? तू बी ह्याच्यातलीच असशील.

कल्याणी : मी? याने दिलेला चहा मी आधी वास घेऊन पिते.

सार्थक : अरे! मी इथेच उभा आहे.

कल्याणी : मग उभाच राहा. तेजस्विनी, आत येताना कानावर पडलं. दार मोजलं म्हणालीस ना? कुठलं?

तेजस्विनी : लॅबचं. तुला काय करायचंय?

कल्याणी : आमचं पण मोजलं होतं. मागच्या वर्षी, कॉम्प्युटर लॅबचं.

तेजस्विनी : मंग?

कल्याणी : मग काय, लॅब आता राजुरीला आहे. आणि गंमत म्हणजे आम्हीच ती दिली.

तेजस्विनी : तुमी कशी देताल?

कल्याणी : आमचा प्रतिनिधी होता समर्थ. चांगला मुलगा, तोंडाळ. त्याचा अचानक सत्कार ठेवला. स्टेज, शाल, नारळ. संस्थेच्या चेअरमननी भाषणात मधेच घुसडलं, लॅब एका ठिकाणी आणली तर मुलांचीच सोय आहे, आणि श्वास न घेता पुढे, ‘आपल्या समर्थला एकदा जोरदार टाळ्या!’ आमच्या पोरांनी हात लाल होईपर्यंत वाजवल्या. नंतर कळलं, लॅबचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झालेला.

तेजस्विनी : आन् समर्थ?

कल्याणी : समर्थ काय बोलणार? गळ्यात त्यांची शाल, हातात त्यांचा नारळ. आपल्याकडे सत्कार घेऊन त्याच माणसाला उलटं विचारलं तर घरचेच म्हणतात, पोरगं माजलं. तो महिनाभर कॉलेजला आला नाही. आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो.

तेजस्विनी : म्हंजे फेटा मला नाय. फेटा माझ्या तोंडाला हाय.

सार्थक : तुम्ही दोघी उगाच कुठून कुठे जोडताय. आमच्याकडे जागा तरी आहे का अख्खं सायन्स आणायला? नवीन बिल्डिंगचा वरचा मजला तेवढा रिकामा आहे, तिथे गॅसच्या पाइपा टाकल्यात, सिंक बसवलेत. ते तर कॅन्टीन आहे.

कल्याणी : तिसऱ्या मजल्यावर कॅन्टीन?

सार्थक : मला तसं वाटलं.

तेजस्विनी : प्रत्येक टेबलाला वेगळा सिंक हाय का?

सार्थक : ...हो.

तेजस्विनी : तुमच्या कॅन्टीनला पोरं टेबलावरच भांडी घासणारेत का, राव?

सार्थक : मला खरंच एवढंच सांगितलं होतं, मढला मान द्यायचाय. शप्पथ.

तेजस्विनी : तुला म्हाईत नव्हतं, का तू विचारलंच नाय?

सार्थक : नाही विचारलं. काका आहेत ते माझे. लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढलोय. आमच्यात काकांना ‘का’ म्हणून विचारत नाहीत.

कल्याणी : आमच्यात पण चेअरमनना विचारत नव्हते. म्हणून तर लॅब गेली.

तेजस्विनी : फेटेवाल्याला सांग, नाय बांधणार म्हणावं. मला बिनविरोध नको. उभी राहते, कुणाला विरोधात उभं राहायचं तर राहू दे. हात वर करून मतं घ्यायची.

सार्थक : वेडी आहेस का? राजुरीचे प्रतिनिधी तुमच्या दोन्ही कॉलेजांपेक्षा एक जास्त आहेत. आमच्यातला शौर्य तर अध्यक्षपदावर टपूनच बसलाय, काकांनी त्याला गप्प केलंय तुझ्यासाठी. पडशील. मिळत असलेली सीट घे, बॉडीवर बस आणि तिथे विरोध कर!

कल्याणी : हे याचं अगदीच चूक नाही हं. मत मिळतंय तुला. आम्हाला ते पण नव्हतं.

तेजस्विनी : एक मत. त्या खोलीत बाकी सगळे ह्याचे चुलते आन् चुलत्यांचे सोयरे. माझं एक मत पडंल, आन् भाईर येऊन सांगतील, विद्यार्थ्यांना विचारूनच केलं, मढचीच पोरगी अध्यक्ष व्हती. मी घरी जाऊन समृद्धीला काय तोंड दाखवू?

कल्याणी : आणि पडलीस तर?

तेजस्विनी : तर पडले म्हणून सांगंन. ते तरी खरं असंल. चारचौघांत पडायचं म्हंजे लई वाईट. पर अध्यक्ष कुणीबी होऊ दे, सायन्सचा विषय निघाला की तिथं बी हातच मोजायचे. टाळी कुणी वाजवायची नाय.

कल्याणी : आमची पोरं तुझ्या बाजूने हात वर करतील. मी बघते. पण हे आजच्यापुरतं. तू अजून मला पटलेली नाहीस.

तेजस्विनी : तू तरी मला कुठं पटलीस? चल आत.

सार्थक : आणि मी काकांना काय सांगू?

तेजस्विनी : ते आमाला विचारू नको, भाऊ.

(सभा सुटल्यावर, राजुरीच्या एसटी थांब्याजवळची चहाची टपरी.)

कल्याणी : पडलीस.

तेजस्विनी : पडले. एका हातानं. शौर्यनं तर भाषण बी पाठ करून ठेवलं व्हतं.

कल्याणी : तुला वाईट वाटतंय?

तेजस्विनी : वाटतंय. मला वाटलं नव्हतं इतकं वाटंल. मघाशी सगळे शौर्यकडं धावले ना, तवा वाटलं, गप बसले असते तर आत्ता माझ्याभवती असते.

कल्याणी : पण तू ‘टाळ्या नको, हात वर करा’ म्हणालीस तेव्हा चेअरमनचा चेहरा! त्यांनी आधीच टाळीसाठी हात उचलले होते. ते खाली कसे घ्यावेत कळेना, शेवटी चष्मा पुसत बसले.

तेजस्विनी : आन् तुझी ती बारकी पोरगी, पयल्या बाकावरची. चेअरमन तिच्याकडंच बघत व्हते, पर हात खाली नाय घेतला.

कल्याणी : तिचा भाऊ संस्थेतच कामाला आहे. मी तिला म्हटलं होतं नको करूस. ऐकलं नाही तिने. हे बघ, साहेब आले.

सार्थक : तीन चहा सांगू का?

कल्याणी : सांग. वास घेऊन पिऊ.

तेजस्विनी : सार्थक भाऊ, अध्यक्षाच्या वेळी तुझा हात वर व्हता, शौर्यला. पर मढचं सायन्स हलवायच्या ठरावाला राजुरीचा एक हात कमी पडला. समान मतं झाली, ठराव पुढच्या सभेवर गेला. तो हात तुझा व्हता.

सार्थक : मोबाइल होता हातात.

तेजस्विनी : आन् दुसरा हात?

सार्थक : त्यात पेढ्यांचा बॉक्स. काकांनी विचारलं तर मी हेच सांगणार आहे. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही पण हेच सांगा.

तेजस्विनी : आन् आमी विचारलं तर?

सार्थक : तुम्हाला पण हेच.

कल्याणी : कशावरून काकांनीच नाही सांगितलं, एक हात खाली ठेव म्हणून? आज आमचा विश्वास बसायचा आणि पुढच्या सभेला गळा कापायचा.

सार्थक : कल्याणी, तुझ्या डोक्याला हात जोडले.

तेजस्विनी : माझ्या बी मनात तेच आलं.

सार्थक : मग नका ठेवू विश्वास. मला आज घरी जेवायला बसायचंय त्यांच्यासमोर, ते मलाच माहिती. पुढच्या सभेला परत मोजा हात. माझा दिसेल तिथे दिसेल.

कल्याणी : मोजणारच आहोत.

तेजस्विनी : थांबा, घरनं फोन हाय. हां, समृद्धी... नाय गं, पडले... तू का रडतीस? पडले मी... कॉलेज हाय, अजून हाय मढलाच... आबा काय म्हणत्यात?... त्यांना म्हण, फॉर्म मढचाच भरायचा... नक्की कसं सांगू मी? पुढच्या सभेला पुन्ना विषय निघणार. हितं कुणाचं काय खरं, मला बी कळंना झालंय. पर वर्गात पोरी बसलेल्या असल्या की त्यांना तोंडावर सांगावं लागंल, उठा म्हणून. वर्ग रिकामा असला तर काय, टेम्पो लावला की झालं... हां. उद्या सकाळीच जा... आन् ऐक, एकटी नको जाऊस. भागूमावशीच्या पोरीला बी हाक मार.