मामा, लागला का?

माझ्या हुशारीचं कौतुक चाललंय, तर हे बी ऐका. मुखेडात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय, ठाऊकच हाय तुम्हाला. परवा शेजारचे माधवमामा त्यांचा चाळीस वर्षांचा ट्रक स्वतः चालवत घेऊन आले. ब्रेक लाइट लागत न्हवता. बल्बची अर्थिंग गंजली होती, ती मी लगेच बदलली. मामांना मागं उभं केलं अन् ब्रेक दाबला.

"मामा, लागला का?"

"न्हाई."

पेडलजवळचा स्विच बदलला. "आता?"

"न्हाई बा."

तीन तास एकेक वायर बदलत राहिलो. शेवटी ब्रेकवर पाय ठेवूनच खेकसलो, "नीट बघा की जरा!"

तेवढ्यात रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली. "अवो, लागलाय की लालभडक!"

मामा जवळ आले, हळूच म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय रे. घरी सांगू नको, गाडी बंद करतील माझी."

एवढ्या मोठ्या माणसावर खेकसलो, त्या लाजेनं मी "न्हाई सांगत" म्हणून बसलो.

मागच्याला ट्रक दिसावा म्हणून तीन तास घाम गाळला, अन् ज्याला पुढचं दिसत न्हाई त्याच्या हातात मीच चावी दिली.