न्हाणीघर निर्दोष!

डॉक्टरबाई : ...आणि न्हाणीघरात जाताना पायात चप्पल असते ना, आजोबा?

आजोबा : चाळीस वर्षं लोकांच्या चपला शिवल्या मी. मीच अनवाणी फिरलो तर धंद्याची काय लाज राहील?

भिंगरी : आजोबा, नुसतं हो किंवा नाही सांगायचं असतं. त्यांच्या कागदावर दोनच चौकोन आहेत.

डॉक्टरबाई : ही कोण?

आजोबा : नात माझी. दहावीत आहे. आम्ही भिंगरी म्हणतो. हर्नियाचं ऑपरेशन माझं झालं, पण वॉर्डभर फिरते ही.

भिंगरी : मी पण एक विचारू? तुम्ही कसल्या डॉक्टर? इंजेक्शन देत नाही, छाती तपासत नाही. तीन दिवस बघतेय, नुसते प्रश्न, प्रश्न आणि प्रश्न! आमच्या भूगोलाच्या बाईंसारखे.

डॉक्टरबाई : तेच माझं काम. रोग कुठून आला, कुणाकडून कुणाकडे गेला, ते शोधायचं. दहा दिवसांत या वॉर्डातल्या तिघांच्या पायात एकच जंतू शिरलाय. चार नंबरचा पलंग, नऊ नंबर आणि बारा नंबर.

भिंगरी : म्हणजे पाय लाल होतो ते?

डॉक्टरबाई : साधं लाल नव्हे गं. सकाळी घोट्यापाशी दिसतं, दुपारी पोटरीवर. वरून फार दिसत नाही, पण आत मांस सडायला लागतं. नऊ नंबरचा पाय दोनदा उघडून साफ करावा लागला.

आजोबा : पण सावरले की सगळे! चार नंबर आज दारापर्यंत चालत आले. अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मी तर शिट्टी मारली.

भिंगरी : आणि कवळी उडून पांघरुणात पडली. अर्धा वॉर्ड शोधत होता!

डॉक्टरबाई : ऐकलं मी. बाहेरपर्यंत हशा येत होता. मलाही आनंदच आहे, आजोबा. पण चौथा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. जंतू कुठून येतोय तेच कळलं नाही, तर चौथा होणारच. आणि तो घरी गेलेला असला तर? पाय मुरगळला म्हणून तेल चोळत बसेल बिचारा.

आजोबा : मग तुमचा संशय कुणावर?

डॉक्टरबाई : न्हाणीघरावर. तिघं तिथेच जातात. तीनदा फरशीवरून कापसाचे बोळे फिरवून तपासले, काही सापडत नाही. तरी उद्या सगळी फरशी उखडायची ठरलीय.

आजोबा : अरे बापरे. फरशीच उखडणार?

भिंगरी : आजोबा...

आजोबा : तू पाणी आण बघू जरा.

भिंगरी : तांब्या भरलेला आहे.

आजोबा : मग संत्रं सोल.

भिंगरी : आजोबा, मी सांगणार.

आजोबा : भिंगरे! परत यायला देणार नाहीत तुला इथे.

भिंगरी : नाही दिलं तर नाही. डॉक्टरबाई, ती फरशी नका उखडू. तुमच्या कागदावर एक प्रश्नच नाहीये. पायाला कुणी हात लावला का, हा.

डॉक्टरबाई : लावतात की. सिस्टर, ड्रेसिंगवाले, मी. सगळे हात धुऊन.

भिंगरी : आणि आजोबा. रापी घेऊन.

डॉक्टरबाई : रापी?

भिंगरी : चामडं तासायची सुरी असते ती. मीच आणून दिली घरून. कंपासपेटीत. कर्कटकाच्या शेजारी बरोब्बर मावली. दारातल्या मावशींनी पिशवी बघितली तेव्हा मी भूमितीचं पुस्तक वर ठेवलं होतं.

डॉक्टरबाई : आजोबा?

आजोबा : अहो, काय करू? पडून पडून हात शिवशिवायला लागले. समोर चार नंबर लंगडत जायचे. तळपायाला कुरूप, वाटाण्याएवढं. म्हटलं, दाखवा. पापुद्रा पापुद्रा तासून दिलं. रक्ताचा थेंब नाही! म्हणजे, अगदी थेंबभर. माणूस इतका हरखला की सगळ्यांना सांगत सुटला. मग रांगच लागली.

डॉक्टरबाई : आणि मधे रापी कशाने पुसायचात?

आजोबा : लेंग्याला.

डॉक्टरबाई : उकळत्या पाण्यात बुडवायची तरी!

आजोबा : धार जाते हो त्याने.

भिंगरी : आजोबा, आता धारेचं नका ना बोलू.

डॉक्टरबाई : थांबा. थांबा जरा. मला रागवायचंय, पण ते नंतर. चार नंबरचं कुरूप आधी कसं दिसत होतं?

आजोबा : कडेला लालसर. जरा ठणकायचं. म्हणून तर त्यांनी पाय पुढे केला.

डॉक्टरबाई : म्हणजे जंतू त्यांच्या पायात आधीच होता. रापीने तो पुढे नेला. क्रम सांगा. कुणानंतर कोण?

आजोबा : क्रम? झोपेतून उठवून विचारा! पहिले चार नंबर, टाचा रुंद, बोटं आखूड. मग नऊ नंबर, पाय लांबट, लाकडासारखा कोरडा. मग बारा नंबर, सपाट तळवा, चिखलात बदकासारखा ठसा उमटेल.

भिंगरी : मी लिहून घेतेय! चार, नऊ, बारा. डॉक्टरबाई, तुमच्या कागदावर पण अगदी हाच क्रम आहे!

डॉक्टरबाई : तारखाही जुळतात. भिंगरी, चिमटा काढ गं मला. तीन दिवस मी फरशीवर रांगत होते!

आजोबा : आणि मग खिडकीकडचे.

डॉक्टरबाई : कोण खिडकीकडचे?

आजोबा : चौथे. परवा केलं त्यांचं. शेवटचं.

डॉक्टरबाई : नाव काय?

आजोबा : नाव कोण विचारतो? पाय सांगतो. डावा उजव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा. उजव्या करंगळीला नख नाही, जुनी ठेच असावी. कुरूप अंगठ्याखाली.

डॉक्टरबाई : खिडकीकडे तीन पलंग आहेत आणि परवापासून तिन्हीवरची माणसं बदललीत. थांबा, दाखल करतानाचे कागद... सहा नंबर, पित्ताशयाचं ऑपरेशन... सात नंबर... हे बघा! सात नंबर. ‘उजव्या करंगळीला नख नाही, लहानपणची दुखापत.’ काल सकाळी घरी गेले.

भिंगरी : फोन नंबर आहे?

डॉक्टरबाई : आहे. लावतेच. शू... हॅलो? दवाखान्यातून बोलतेय. तुमचा पाय कसा आहे?... काही नाही? नक्की?... थोडा ठणका. कधीपासून?... अहो, चप्पल चावली असेल असं तुम्हीच कसं ठरवलंत?... नाही, लग्नाला नंतर जा, आधी इथे या... उद्या नाही, आत्ता... ऐकतच नाहीत. म्हणतात ताप नाही, काही नाही, नुसती चप्पल लागतेय, उद्या बघू.

आजोबा : द्या इकडे. हॅलो, मी पंधरा नंबर. कुरूपवाला म्हातारा. हां, राम राम. कुठली चप्पल चावतेय तुम्हाला?... तीच तपकिरी? मग ऐका. परवा ती मी हातात घेऊन बघितली होती. पट्टा इतका सैल की आत बोट फिरत होतं. मीच म्हटलं होतं, एक भोक आत पाडून घ्या. पाडलंत?... नाही ना? मग सैल चप्पल एका दिवसात चावायला कशी लागली? चप्पल तीच आहे, मालक. पाय सुजलाय... हो. आणि ते माझ्यामुळे झालंय. शिव्या घालायच्या तर समोर येऊन घाला. पण या. चालत नको, रिक्षा करा... हां. ठेवतो.

भिंगरी : येताहेत?

आजोबा : रिक्षाला हाक मारलेली ऐकली मी. फोन धर.

(तीन दिवसांनी. तोच पलंग, आजोबांची पिशवी भरून ठेवलेली.)

डॉक्टरबाई : भिंगरी! आजोबा कुठेयत? आज घरी सोडतायत ना?

भिंगरी : आधी खिडकीकडच्यांचं सांगा!

डॉक्टरबाई : मस्त! आले तेव्हा लाली घोट्यापर्यंत होती. पेनाने भोवती रेघ मारून ठेवली. लाली रेघेच्या बाहेर गेलीच नाही, आज तर बोटभर आत सरकलीय. नुसत्या औषधावर. चाकू लावावाच लागला नाही.

भिंगरी : हुर्रे! आणि रापी?

डॉक्टरबाई : रापीवर तोच जंतू सापडला. फरशी वाचली.

भिंगरी : न्हाणीघर निर्दोष! मी आत जाऊन सांगून येते त्याला!

डॉक्टरबाई : बस खाली. दारातल्या मावशींना मी सांगितलंय, या मुलीचं भूमितीचं पुस्तकसुद्धा उघडून बघायचं. पान पान.

भिंगरी : चालेल! आजोबांना तपासणीला आणेन तेव्हा घेऊन येईन, त्यांचीपण भूमिती होईल. डॉक्टरबाई, तुमच्यासारखं व्हायला गणित लागतं का हो?

डॉक्टरबाई : लागतं. आणि तोंड लागतं. तुझं एक तयारच आहे. आजोबा कुठेयत पण?

भिंगरी : सकाळपासून पलंगोपलंग फिरतायत. तिघांनाही स्वतः सांगायचंय म्हणाले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. नऊ नंबरनी भिंतीकडे तोंड केलं. बारा नंबरनी तासभर ऐकवलं. आता चार नंबरकडे... आले बघा!

डॉक्टरबाई : बसा, आजोबा. मी सांगितलं असतं त्यांना. तुमची काही सक्ती नव्हती.

आजोबा : पाय माझ्या हातात दिला होता त्यांनी, बाई. तुमच्या नव्हे.

भिंगरी : काय म्हणाले चार नंबर?

आजोबा : म्हणाले, आजोबा, दुसऱ्या पायाचं कुरूप राहिलंय अजून.

भिंगरी : आणि तुम्ही?

आजोबा : मी म्हटलं, ते डॉक्टर काढतील. मला हाच बघू द्या, नुसता लांबून. त्यांनी पट्टी बाजूला केली. नवी कातडी आलीय गं. गुलाबी.