डाव्या हाताचं काम

हसायचं तर हसा, पण धुळ्यात मास्तर होतो तेव्हा मी एका गोऱ्या मिशनरी बाईंकडे विलायती बाजा शिकायला जायचो. खेड्यापाड्यांत राहून बाई अहिराणी बोलायला लागल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा आपोआप बाज्याच्या मागे गेला.

"मांगे काय धुंडी ऱ्हायनात, मास्तर?"

"भाता, बाई."

"तो पायखाले शे."

हवा पायांनी भरायची, म्हणजे डावा हात रिकामाच. बाईंनी त्याला काम लावलं. डाव्यानं सा, ग, प एकदम दाबायचे आणि उजव्यानं चाल वाजवायची. त्या तिघांना बाई कॉर्ड म्हणत. मी आपला भजनात पेटी वाजवणारा, एका वेळी एकच सूर. ते तीन एकत्र वाजले आणि खोलीत माणसं आल्यासारखं वाटलं. मग बाईंनी मधला ग तेवढा एक पट्टी मागे घेतला. तीच खोली ओस पडली.

आठवड्यानं त्यांनी सरावाचं विचारलं. मी म्हटलं, "कसा करू? घरच्या पेटीला डावा हात भात्यावरच लागतो."

"मग दुसऱ्या कुणाला भाता मारायला बसवा," बाई म्हणाल्या. "घरमा कोन शे?"

"पेटी शे."

मला वाटलं, बाई हसतील. त्यांचे हात बाज्यावरच होते, तीन सूर चालू होते. मधलं बोट तेवढं एक पट्टी मागे सरकलं.