मोटर बसवायची कुठे?

...आणि तो मोटरवाला उलट मलाच विचारतो, "काका, टॉर्क किती पाहिजे?" आता मी शिंपी माणूस! मी म्हटलं, दे दोन मीटर, कमी पडला तर जोड देऊ. सगळं दुकान हसलं. हसा बाबांनो, तुमचं काय जातंय, घरी जाऊन उत्तर मला द्यायचं होतं! कारण घरात पाऊल टाकलं की आमची ही विचारणार, "फिरलं का ते?" बस, तेवढंच. पूर्वी काय डोकं खायची माझं, तुम्हाला सांगतो... मुलगी गेल्यापासून ते खाणंही बंद. दिवसभरात एकच वाक्य. "फिरलं का ते?"

ते म्हणजे काय, सांगतो, दम धरा. आमची पोर, एकुलती एक. शिंप्याची मुलगी, पण सुईत दोरा ओव म्हटलं की तिला झोप यायची. तिला पत्रा कापायचा! ही एवढी फळी, तिच्यापुढे तार ताणलेली, तारेवर पत्र्याचे सात शर्ट, इवलेसे, वाळत घातल्यासारखे. फळीच्या मागे दातेरी चाकं. ती फिरली की म्हणे पहिला शर्ट उचलला जाणार, मग दुसरा, मग तिसरा... वाळत घातलेल्या कपड्यांवरून झुळूक जाते ना, तसं. मी म्हटलं, अगं, खऱ्या शर्टांची काजं राहिलीयेत, ती कर आधी. तर म्हणाली, "बाबा, झाल्यावर बघाच." आणि मग साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, आणि... जाऊ दे. शर्ट तसेच राहिले तारेवर.

मग मी ठरवलं, आपण मोटर लावू. ठरवायला काय जातंय! पण मोटर बसवायची कुठे?

एक मास्तर आहेत, त्यांच्या विजारी दरवर्षी मीच कमरेत सैल करून देतो. त्यांना धरलं. ते म्हणाले, "हे बघा, घट्ट बसलेला नट आखूड पान्याने सुटत नाही, लांब पान्याने सुटतो. जोर गुणिले लांबी, झाला टॉर्क." अहो, मग असं सांगा ना माणसाला! जोर नाही मोजता येत, पण लांबी? गळ्यात टेप घालून आयुष्य गेलं माझं! शर्ट उचलणाऱ्या काड्या मापल्या. शर्ट वाण्याकडे नेऊन तोलले. वाणी म्हणतो, "काय भावाने विकणार?" त्याला काय सांगू? विकणार नाही म्हटलं, आणि बाहेर येऊन जरा वेळ पायरीवर बसलो.

मग चाकांचे दात मोजले. लहानाला दहा, मोठ्याला चाळीस. लहान चारदा फिरेल तेव्हा मोठं एकदा. अशा दोन जोड्या एकामागे एक. चार चोक सोळा! म्हणजे चाकं फिरवणारी मागची दांडी सोळा वेळा फिरली की झुळूक एक. मोटरवाल्याची मोटर मिनिटाला हजार फेरे घेणार, म्हणजे मिनिटाला साठ झुळका! ही झुळूक? यात शर्ट शेजाऱ्यांकडे जातील! मास्तरांनी पुन्हा गणित मांडलं, म्हणाले, "सेकंदाला एक फेरा, एवढाच वेग हवा. आणि टॉर्क म्हणाल तर डब्याचं झाकण फिरवायला लागतो तेवढा." गणित बरोबर. चोख. पण मोटर बसवायची कुठे? मोटरीला टेकायला ना पाट, ना भोक, ना खिळा. मागून नुसती एक लोखंडी दांडी बाहेर आलेली, टोकाला चौकोनी घासलेली. पोर इतकी हुशार, आणि मोटरीची जागाच विसरली?

त्यात माझ्या जुन्या हातमशीनचं हँडल हरवलेलं, ते दुखणं वेगळंच. हिने भंगारात घातलं असा माझा पक्का संशय. त्यावरून आमचं काय वाजलं होतं, म्हणून सांगू... पोर तेव्हा शेजारी बसून गालातल्या गालात हसत होती.

शेवटी म्हटलं, दांडी कापू, म्हणजे मोटर आत सरकेल. करवत घेतली. दांडीला लावली. आणि मागून आवाज आला, "थांबा."

वळून बघतो तर ही पोरीच्या खोलीच्या दारात उभी. त्या खोलीत ती गेल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं हो हिने. हातात कापडाच्या कातरणाची पुरचुंडी. म्हणाली, "तिच्या कपाटात होतं." सोडली, तर आत माझं हँडल! भोक घासून चौकोनी केलेलं. दांडीवर ठेवलं आणि खट्‌कन बसलं.

सेकंदाला एक फेरा म्हणजे माणसाचा हात हो! जन्मभर हँडल फिरवलेल्या शिंप्याला ते कळू नये? ती मोटरीची जागा विसरली नव्हती, तिला मोटर नकोच होती.

आता रोज संध्याकाळी ही समोर बसते आणि मी फळीमागे उभा राहून फिरवतो. हिच्या मनगटात जोर नाही, नाहीतर आळीपाळीने केलं असतं. शेजारी म्हणतात, "आम्ही फिरवतो, तुम्ही बसा की समोर." मी म्हटलं, नको, माझ्या मशीनचं हँडल आहे, दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. मागून मला काय दिसतं? चाकं आणि खिळे. पण पलीकडून ही बोलायला लागते, अगदी पूर्वीसारखी... "हळू, हळू! तिसरा उचलला... चौथ्याची बाही वाकडी कापलीय बघा." मी म्हणतो, सरळ करू का? तर म्हणते, "हात लावाल तर खबरदार." पुन्हा डोकं खाते माझं! मी फिरवत राहतो. डोळे पुसायला डावा हात मोकळा असतो, ती एक सोय आहे.

एवढी गणितं केली, एवढी दुकानं पालथी घातली, आणि मोटर निघालो मी. आणि मोटरीला, तुम्हाला सांगतो, समोर बसून बघता येत नाही.