गाडीनं आला असता

वहिनी, संदीप, कॉलनीतली सगळी मंडळी, जावळीतून सकाळच्या एसटीनं आलेली तात्याची भावकी, आणि माझे सगळे माजी सैनिक भाऊ.

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. बसून घ्या.

माझ्याआधी चौघे बोलले. चांगलं बोलले. तात्या शिस्तीचा होता, तात्यानं भांडून कॉलनीला पाण्याची टाकी आणली, तात्या कुणाच्याही लग्नात वाढायला पहिला उभा. सगळं खरं आहे. मीही तसंच कागदावर लिहून आणलं होतं. हा बघा, खिशात आहे. पण इथं उभं राहिल्यावर तो वाचवत नाही. तो वाचला तर तात्याला फसवल्यासारखं होईल, आणि मी त्याला एकदा फसवलंय. ते सांगायलाच उभा आहे.

आवाज येतोय ना मागं? बरं.

हवालदार दिनकर, म्हणजे आपला तात्या, आणि मी एकाच दिवशी भरती झालो. तो मेढ्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. मी कवठे महांकाळचा, माळावरचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "तुमच्यात पाऊस पडतो का रं?" मी म्हणालो, "न्हाई. आन् तुमच्यात थांबतो का?" तिथनं जी दोस्ती झाली ती चाळीस वर्षं. मी पुढं सुभेदार झालो, तो हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण मला हुकूम कायम त्याचाच. साताऱ्यात घरं बांधली तीही भिंतीला भिंत लावून.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तात्याचे वडील गेले. आम्ही वर बर्फात होतो. तार आली नवव्या दिवशी. तात्यानं वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि ड्यूटीवर गेला. मला वाटलं, गडी घट्ट आहे. कसला घट्ट? त्या दिवसापासून हे एकच वाक्य त्याच्या तोंडात बसलं. "मी बापाच्या मातीला नव्हतो." लग्नात म्हणायचा, बारशाला म्हणायचा. वहिनी, खोटं असेल तर सांगा. संदीप भरती झाला तेव्हा सगळं गाव पेढे खात होतं आणि हा पोराच्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणाला? "नोकरी झ्याक कर. पर माझ्या मातीला ये. बाकी कायबी मागत न्हाई."

बाकी काय मागितलं त्यानं? काहीच नाही.

आता ऐका. सोमवारी दुपारी डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाहेर बोलावलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. म्हणाले, पोराला बोलवून घ्या, तीन-चार दिवस धरून चाला. संदीप जम्मूला. त्याला मीच फोन केला. तासाभरात त्याचा उलटा फोन. "काका, सुट्टी मंजूर झाली. संध्याकाळच्या गाडीत फौजी कोट्यातली सीट मिळाली. परवा दुपारी पुण्यात उतरतो."

परवा म्हणजे बुधवार. बुधवारी संध्याकाळी पोरगा बापाच्या उशाशी बसला असता.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अरे, गाडी कसली धरतोस? बाप असा पडलाय आन् दोन दिवस गाडीत बसणार व्हय? सोड ती सीट. विमानानं ये. उद्या संध्याकाळी साताऱ्यात असशील. आपली अश्विनी तिकडनं विमानं सोडणाऱ्या कंपनीतच हाय. ती बघंल सगळं."

तुम्हाला माहीत आहे, अश्विनी माझी मुलगी. विमानात एअर होस्टेस आहे. होती. तात्या तिला कौतुकानं चिडवायचा, "सुभेदार, तुझी पोरगी म्हंजे एसटीची कंडक्टरच की रं, फकस्त वरनं जाती."

मंडळी, आपल्याकडं कुठलंही काम निघालं की आपण आधी काय विचारतो? तिथं आपलं कोण आहे? तहसीलला कोण आहे, दवाखान्यात कोण आहे, आरटीओत कोण आहे. आपलं माणूस असलं की रांग नसते, अडचण नसते, अशी आपली समजूत. मीही तसाच. पोरीला एक शब्द न विचारता मी तिच्या नावावर शब्द देऊन मोकळा झालो.

संदीपनं सीट सोडली. माझ्या शब्दावर सोडली.

मंगळवारी सकाळी तो विमानतळावर गेला, तर विमान रद्द. विमानात काम करणाऱ्या पोरापोरींनी एकदम आजारी असल्याचं कळवलेलं. संप म्हणायचं नाही, पण संपच. संदीपनं मला फोन केला. मी म्हणालो, घाबरू नको, अश्विनीला लावतो. लावला, तिचा फोन बंद. मी काय समजलो? पोर विमानात असेल, विमानात फोन बंदच ठेवतात. मी संदीपला छातीठोक सांगितलं, "वर हाय ती. खाली उतरली की तुला बसवतीच." दिवसभर तेच सांगत राहिलो. दिवसभर विमानात बसायला ती काय चंद्रावर गेली होती? पण माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

खरं सांगतो, मला वाटायचं या पोरी चहा-पाणी देतात. नसल्या एक दिवस तर काय अडलं? चहाशिवाय बसतील लोक. संदीपला मी तसं म्हणालोसुद्धा. तो म्हणाला, "न्हाई काका, त्या नसल्या तर विमान हलत न्हाई. नियमच हाय तसा." काचेतून समोर विमान दिसत होतं म्हणे. धुतलेलं, तयार, उभं. त्याच्या शेजारी एक बाई बसली होती, तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. एक नवरदेव होता, त्याची हळद तिकडं त्याच्याशिवाय लागली. खिडकीवर एकच मुलगी हात जोडून उभी. लोक तिला नको नको ते बोलत होते आणि ती बिचारी "क्रू नाही सर, क्रू नाही सर" एवढंच म्हणत होती. संदीप म्हणाला, "काका, तिच्या जागी आपली अश्विनीच दिसायला लागली, मला वरडायला झालं न्हाई." असा पोरगा. तात्याचा पोरगा.

मंगळवार गेला. बुधवार उजाडला. फळ्यावर विमान लागायचं, दोन तासांनी पुसायचं. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांत जागा उरली नव्हती. इकडं तात्यानं डोळे उघडले की विचारायचा, "कुठवर आला?" मी म्हणायचो, निघालाय. वहिनी फोन कानाला लावायच्या, तर तो हातानं बाजूला सारायचा. म्हणायचा, "फोनवर नगं. म्होरं आल्यावर बोलतो." काय बोलायचं होतं त्याला? आता कुणाला कळणार?

बुधवारी दुपारी, जी गाडी संदीपनं सोडली, ती पुण्यात आली. मी चौकशी केली. वेळेवर आली.

इथपर्यंत तुम्हाला थोडंफार माहीत आहे. कॉलनीत चर्चा झालीच. अश्विनीच्या संपापायी तात्याला पोरगं दिसलं नाही, असं पाणवठ्यावर, वाण्याच्या दुकानात, सगळीकडं बोललं गेलं. माझ्या पोरीला पाहून परवा कुणीतरी थुंकलं. ती आज इथं आली आहे. मागं दाराशी बसली आहे. तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी आहे, मला इथनं दिसतंय.

म्हणून पुढचं सांगतो. हे वहिनींनाही माहीत नाही. संदीप, तुलाही नाही.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता अश्विनीचा फोन आला. चालू केला होता तिनं पाच मिनिटांसाठी. म्हणाली, "पप्पा, मी विमानात नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून बंद केलंय." मी लय बोललो तिला. काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. वर म्हणालो, फौजेत संप नसतो. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही." मग रडत रडत एकेक सांगायला लागली. आज सुट्टी म्हणायची आणि दोन तासांत ड्यूटीला बोलवायचं. रजा मागितली तर विमानतळावरच्या डॉक्टरला दाखवून आणा. परक्या गावात एका खोलीत दोघी कोंबायच्या, एकीची झोप होते तर दुसरीचा गजर वाजतो. बरोबरची एक पोरगी विमानाच्या दारातच चक्कर येऊन पडली, तिला उठवून पुन्हा उभी केली. मला यातलं काही माहीत नव्हतं. पाच वर्षं मी फक्त तिचा ड्रेसमधला फोटो लोकांना दाखवत फिरलो.

मी म्हणालो, तू एकटी तरी कामावर जा, तात्यासाठी जा. ती म्हणाली, "एकटी गेले तरी विमान उडत नाही, पप्पा. तेवढी सगळी माणसं लागतात." आणि मग म्हणाली, "संदीपदादाला थांबवू नका. उद्याचंही विमान जाणार नाही. आत्ताच्या आत्ता गाडीत बसवा."

ऐकलंत? माझ्या पोरीनं सांगितलं होतं. बुधवारी, संध्याकाळी पाच वाजता. जम्मूची गाडी सुटायला तेव्हा वेळ होता.

मी संदीपला फोन केला नाही.

का नाही केला? कोणत्या तोंडानं करणार? माझी पोरगी संपात आहे, मीच तुला अडकवला, हे कसं सांगू? मी सुभेदार. माझा शब्द खाली पडला, हे मला सोसेना. फळ्यावर गुरुवारी सकाळचं विमान लागलं होतं. म्हटलं, जाईल. म्हटलं, पोरीला काय कळतंय. संदीपचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "सकाळचं नक्की हाय. थांब तू." तो थांबला.

बुधवारी बसला असता तर शुक्रवारी संध्याकाळी इथं असता. तात्या जिवंत भेटला नसता, पण एक दिवस आपण माती थांबवली असती. भावकीतले वडीलधारे इथं बसलेत. आवं अण्णा, तुम्ही एक दिवस थांबला असता ना? मान हलवताय तुम्ही. थांबला असता.

गुरुवारी सकाळी तात्याचा श्वास वर लागला. त्यानं माझं मनगट धरलं. "कुठवर आला?" मी म्हणालो, "पुण्यात उतरला, तात्या." का म्हणालो? त्याला धीर यावा म्हणून. आणि झालं काय? त्याच्या तोंडावर अशी हुशारी आली... म्हणाला, "मग मला उठवून बसव. पोरगं आडवा बघंल मला." मी आणि वहिनींनी त्याला उशा लावून बसवला. त्यानं हातानं केस सारखे केले. दाराकडं तोंड करून बसला. कुणी नर्स आली की मान वर करायचा.

नऊ वाजून गेले आणि तो तसाच बसल्या जागी गेला. दाराकडं बघत. डोळे मी मिटले.

त्याच वेळी तिकडं विमान पुन्हा रद्द झालं. मग संदीप संध्याकाळच्या गाडीत बसला. त्यानं फोनवर सांगितलं, "शनिवारी पोचतोय, थांबू नका." दोन दिवस कसं ठेवणार? गुरुवारी दिवस मावळायच्या आत, माहुलीच्या घाटावर पुतण्यानं अग्नी दिला.

शनिवारी संध्याकाळी संदीप स्टँडवरून रिक्षा करून थेट घाटावर आला. सकाळी सावडून झालं होतं. राख नदीत गेली होती. जागा धुतलेली, ओली. त्यानं बूट काढले. मला विचारलं, "काका, पाय कुणीकडं होते?"

मी दाखवलं.

त्या ओल्या फरशीवर तो डोकं टेकवून किती वेळ होता, मला सांगता येणार नाही. बापाच्या तोंडात बसलेलं वाक्य आता पोराच्या तोंडात बसणार, आणि ते मी बसवलं. याला औषध नाही. वहिनी, मी तुमची माफी मागत नाही. माफीनं होणारं काम नाही हे.

अश्विनीला कंपनीचं पत्र आलंय. नोकरी गेली. तिच्या लढ्याचं बरोबर की चूक, ते तुम्ही ठरवा. ज्यांची ऑपरेशनं राहिली, हळदी राहिल्या, त्यांना विचारून ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तात्याच्या मातीचं खापर तिच्या डोक्यावर फोडू नका. तिनं गाडी सांगितली होती. ते मी दाबलं.

आता उभे राहा सगळे. अण्णा, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. दोन मिनिटं शांत राहू. या दोन मिनिटांत माझ्या पोरीकडं कुणी बघायचं नाही. कुणाकडं बघायचंच असेल तर माझ्याकडं बघा.

तात्या, गड्या, मी तुला पुण्यात उतरला म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. तो पुण्यात न्हवता रं. पर आता आलाय. हा बघ, म्होरं बसलाय. शेवटी गाडीनंच आला.

सावधान.