चेंडू तिसऱ्याच्याच हातात

अमेरिकेतल्या ग्रीन बे शहरातल्या दवाखान्यात लोरेटा हाताचं प्लॅस्टर काढून घ्यायला आली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं रविवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या खेळाच्या, सामन्यावरून वाद घालत बसलं होतं. बायकोला गुडघा दाखवायचा होता आणि नवरा सोबतीला आला होता, एवढं लोरेटाला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

"चेंडू ज्याच्याकडे यायचा, त्या क्वार्टरबॅकनंच बाजूला सरायचं आणि चेंडू परस्पर तिसऱ्याच्याच हातात जायचा. आता कोण फसतं गं याला?"

"दोन यार्ड पुढे सरकण्यापुरते फसतात की, ड्वेन."

"पूर्वी फसायचे. आता सगळे व्हिडिओ बघून येतात. डाव टाकणारे वेगळे उभे राहिले, की चेंडू कुठे जाणार ते मलासुद्धा कळतं."

"तुला कळतं?"

"बसल्या जागी."

"आणि समोरच्याचं लक्षच दुसरीकडे असलं तर?"

"तर तो बावळट, व्हर्ना."

नर्स दारात आली.

"ड्वेन पाव्हलाक? हृदयाचे डॉक्टर बोलावताहेत."

लोरेटानं हातातलं मासिक मिटलं.

"नाव चुकलंय यांचं," ड्वेन बायकोला म्हणाला. "गुडघा तुझा आहे ना?"

"माझा गुडघा ठणठणीत आहे."

"व्हर्ना..."

"जिना चढताना मध्येच थांबून तू भिंतीवरचे फोटो बघत राहतोस. आपल्याच लग्नाचे."

"चांगले आलेत, म्हणून बघतो."

"धाप लागते म्हणून बघतोस. ऊठ."

तो उठला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं तिच्या मांडीवर ठेवली.

"हा डाव दुसऱ्यांदा चालायचा नाही, सांगून ठेवतो."

"दुसऱ्यांदा दुसरा टाकेन. जा आता, मी इथेच आहे."