बटणावरचा मुकुट

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली नॉरिचच्या संग्रहालयात मी रांगेत उभी होते. पुढच्या म्हाताऱ्या मिसेस थर्केटलनी तिथल्या जाणकारापुढे एक पितळी बटण ठेवलं.

"शेजाऱ्याला शेतात सापडलं, धातू शोधायचं यंत्र फिरवताना. विमानदलाचंच ना?"

"हो, बाई."

"माझ्या मुलाचं, सिरिलचं विमान गेल्या महायुद्धात लढाईत तिथंच पडलं. तो काही सापडला नाही."

"पण ही मुकुटाची कमान मधोमध दबलेली आहे. म्हणजे बटण राणी गादीवर आल्यानंतरचं. लढाईत राजाचा मुकुट असे, फुगीर कमानीचा."

"आधी चष्मा पुसा तुमचा. माती असेल."

"पुसूनच बघितलं, बाई."

"राजाचा आहे म्हणा ना, साहेब. एकदाची त्याला पुरून मोकळी होते."